सर्व्हरचा आयपी बदलला, तर डोमेनचं काय होतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं आहे, होस्टिंग दुसऱ्या कंपनीचं आहे. होस्टिंगवाल्यांनी कळवलंय की पंधरा दिवसांत साइट नव्या सर्व्हरवर जाणार आणि आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) बदलणार. मग डोमेन पुन्हा घ्यावं लागेल का? साइट किती वेळ बंद राहील? त्याच डोमेनवरचे ईमेल चालू राहतील का? आयपी थेट ब्राउझरमध्ये टाकला की स्वतःच्या साइटऐवजी भलतंच पान का उघडतं? आणि या निमित्ताने डेडिकेटेड आयपी, म्हणजे फक्त आपल्यालाच दिलेला पत्ता, घेऊन टाकावा का?

आधी उत्तरं देतो, कारणं मागून. डोमेन पुन्हा घ्यायचं नाही. साइट बंद ठेवायचीही गरज नाही, फक्त तयारी बदलाच्या किमान एक दिवस आधी सुरू करावी लागते. मेलला धक्का लागेल की नाही, हे तुम्ही नेमकं काय बदलता त्यावर ठरतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. डेडिकेटेड आयपी बहुतेक साइटना लागत नाही.

डोमेन आणि आयपी यांचं एकमेकांशी कायमचं नातं काहीच नसतं. डोमेन ही नोंदणी आहे. .कॉमची यादी व्हेरिसाइन ही रजिस्ट्री सांभाळते. त्या यादीत तुमच्या नावाची नोंद रजिस्ट्रारमार्फत, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीमार्फत, झालेली असते, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. जोवर तुम्ही ती वेळेवर रिन्यू करता तोवर ते नाव तुमचं. आयपी पत्ता मात्र नेटवर्कचा असतो. होस्टिंग कंपनीकडे पत्त्यांचे गठ्ठे असतात, त्यातला एक तुमच्या सर्व्हरला लावलेला असतो. तुम्ही पैसे भरता म्हणून तो वापरायला मिळतो, मालकी तुमची कधीच होत नाही. या दोन टोकांना जोडते ती डीएनएसमधली, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतली, एक ओळ. ती ओळ ज्याच्या हातात, त्याच्या हातात साइट. म्हणून माझा आग्रह एकच असतो: होस्टिंग कोणाचंही घ्या, कितीही वेळा बदला, पण डोमेन आणि डीएनएस या दोन्हींचं लॉगिन स्वतःच्या ताब्यात ठेवा.

ही व्यवस्था अशी का झाली, हे दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून नीट कळतं. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वावताराच्या, काळात सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच मजकूर-फाइलमध्ये असत. ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि बाकीच्यांनी ती वेळोवेळी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत पुरेनाशी झाली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली, आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये निघालेले आरएफसी १०३४ आणि १०३५ हे दोन दस्तऐवज आजही या व्यवस्थेचा पाया आहेत. त्यातली साइटमालकाच्या कामाची गोष्ट ही: प्रत्येक डोमेनचा तपशील त्या डोमेनवाल्याने सांभाळायचा, आणि बाकी जगाने तो विचारून घेऊन ठरावीक काळ लक्षात ठेवायचा. सर्व्हर बदलताना होणारा सगळा गोंधळ या 'लक्षात ठेवण्या'तून होतो.

तुमची साइट कोणी उघडली की त्याचा फोन किंवा संगणक आधी रिझॉल्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्राला, विचारतो. हा रिझॉल्व्हर बहुधा त्याच्या इंटरनेट कंपनीचा असतो, नाहीतर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखा सार्वजनिक. रिझॉल्व्हरला उत्तर माहीत नसेल तर तो रूट, म्हणजे सगळ्यात वरच्या, सर्व्हरला विचारतो, .कॉमच्या सर्व्हरकडे जातो, तिथून त्याला कळतं की या डोमेनचे नेमसर्व्हर (त्याचा तपशील ठेवणारी यंत्रं) अमुक आहेत. मग तो त्या नेमसर्व्हरला शेवटचा प्रश्न विचारतो आणि आयपी घेऊन परत येतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. मिळालेलं उत्तर तो कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि पुढच्या माणसाला तिथूनच देतो.

आता नेमसर्व्हरवर काय असतं ते पाहू. एक्झाम्पल.कॉम हे नाव आणि खालचे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे कोणाच्या खऱ्या साइटला लागत नाहीत. साध्या साइटचा झोन, म्हणजे डोमेनच्या सगळ्या डीएनएस ओळींची यादी, साधारण असा दिसतो:

एक्झाम्पल.कॉम. — ८६४०० — ए — १९२.०.२.२५
डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम. — ८६४०० — सीनेम — एक्झाम्पल.कॉम.
एक्झाम्पल.कॉम. — ८६४०० — एमएक्स — १० मेल.एक्झाम्पल.कॉम.
मेल.एक्झाम्पल.कॉम. — ८६४०० — ए — १९२.०.२.२५

पहिली ओळ सांगते की या नावाचा पत्ता अमुक. दुसरी सांगते की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हे त्याच नावाचं दुसरं रूप आहे, पत्ता तिकडेच विचारा. तिसरी सांगते की या डोमेनची टपाल कुठल्या यंत्राकडे द्यायची (नावाआधीचा १० हा प्राधान्यक्रम), आणि चौथी त्या यंत्राचा पत्ता देते. लक्ष द्या, आयपी फक्त 'ए' ओळींत आहे. एमएक्स आणि सीनेम नेहमी नावाकडे बोट दाखवतात, पत्त्याकडे नाही. पत्ता जितक्या कमी ठिकाणी लिहिलेला असेल तितकं स्थलांतर सोपं, म्हणून मी शक्य तिथे सीनेम वापरतो. फक्त नुसत्या डोमेनवर, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायच्या नावावर, सीनेम ठेवता येत नाही. तिथे एसओए (झोनची मूलभूत माहिती) आणि एनएस (नेमसर्व्हरची नावं) या ओळी असाव्याच लागतात आणि सीनेमच्या शेजारी दुसरी नोंद नियमाने चालत नाही. काही डीएनएस सेवा 'एलियास' नावाची वेगळी सोय देतात. ती सीनेमसारखी भरायची असते, पण बाहेर उत्तर देताना सरळ आयपीच देते.

प्रत्येक ओळीत मधे जो आकडा आहे तो टीटीएल, म्हणजे उत्तर लक्षात ठेवायची मुदत, सेकंदांत. ८६४०० म्हणजे एक दिवस. ज्या रिझॉल्व्हरने हे उत्तर घेतलं तो ते एक दिवसापर्यंत पुन्हा न विचारता वापरू शकतो. हे स्वतः पाहायचं असेल तर लिनक्स किंवा मॅकवर 'डिग' ही आज्ञा चालवा. एखाद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला तुमच्या डोमेनबद्दल विचारलं की समजा असं उत्तर येतं:

एक्झाम्पल.कॉम. — ३४१२ — आयएन — ए — १९२.०.२.२५

थोड्या वेळाने पुन्हा विचारा. आकडा ३४१२ वरून ३३५० वर आलेला दिसेल. तो खाली खाली जातो, शून्यावर पोचतो, आणि मगच तो रिझॉल्व्हर तुमच्या नेमसर्व्हरकडे ताजी माहिती घ्यायला येतो. (मोठ्या सार्वजनिक सेवांमागे अनेक यंत्रं असतात, त्यामुळे मधेच वेगळा आकडाही दिसू शकतो. त्याने गोंधळू नका.) म्हणजे तुम्ही डीएनएसच्या पॅनेलमध्ये आयपी बदलता तेव्हा तो बदल कुठेही 'पाठवला' जात नाही. तुमचा नेमसर्व्हर काही सेकंदांत किंवा मिनिटांत नवं उत्तर द्यायला लागतो, आणि जग आपापल्या कॅशची मुदत संपेल तसतसं ते विचारायला येतं. शेजारच्या दोघांपैकी एकाला नवी साइट आणि दुसऱ्याला जुनी दिसते ती यामुळेच.

'२४ ते ४८ तास लागतील' हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं. त्याचं एक खरं मूळ आहे. .कॉमच्या सर्व्हरवर तुमच्या नेमसर्व्हरची जी नोंद असते तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर दोन दिवस, आणि तो तुम्हाला कमी करता येत नाही. पण हे लागू होतं नेमसर्व्हर बदलले तर. फक्त 'ए' रेकॉर्ड बदलला तर लागणारा वेळ हा त्या रेकॉर्डच्या टीटीएलइतका, आणि तो तुमच्या हातात आहे.

इथेच तुमच्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय येतो. होस्टिंग कंपन्या बऱ्याचदा सूचना देतात की 'तुमचे नेमसर्व्हर बदलून आमचे टाका'. त्यांच्या दृष्टीने ते सोयीचं असतं, पुढचं सगळं त्यांना परस्पर करता येतं. पण नेमसर्व्हर बदलणं म्हणजे आख्खा झोनच दुसरीकडे नेणं. नव्या कंपनीच्या झोनमध्ये साइटच्या ओळी आपोआप तयार होतात, मात्र तुमच्या मेलच्या ओळी, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या) टीएक्सटी म्हणजे मजकुराच्या ओळी, कोणत्या तरी सेवेने मालकी पडताळायला दिलेली ओळ, हे काहीच तिथे नसतं. साइट झकास चालते आणि मेल मुकाट्याने थांबतात. पाठवणाऱ्याला कधी परतीचा निरोप जातो, कधी मेल भलत्याच रिकाम्या पेटीत जाऊन पडतो, आणि तुमच्या लक्षात येईपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: नेमसर्व्हर आहेत तिथेच राहू द्या, फक्त 'ए' रेकॉर्ड बदला. होस्टिंगवाल्यांना सांगा, 'मला नवा आयपी द्या, डीएनएस मी बघतो.' बहुतेक कंपन्या तयार होतात.

नेमसर्व्हर बदलावेच लागले, उदाहरणार्थ सध्याचा डीएनएस जुन्या होस्टिंगबरोबरच बंद होणार असेल, तर आधी जुना झोन पूर्ण उतरवून घ्या, ओळ न ओळ नव्या जागी भरा, आणि नव्या नेमसर्व्हरला थेट विचारून प्रत्येक उत्तर जुन्याशी ताडून पाहा. मगच रजिस्ट्रारकडे बदल करा. जुना झोन त्यानंतर निदान दोन दिवस चालू ठेवा, तोही नव्या पत्त्यांसह. डोमेनवर डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करायची सोय) चालू असेल तर आणखी जपा. रजिस्ट्रीकडची डीएस नोंद, म्हणजे सहीच्या किल्लीची ओळख, जुन्या किल्लीची असते. ती तशीच ठेवून नेमसर्व्हर बदलले की सह्या तपासणारे रिझॉल्व्हर तुमच्या डोमेनचं उत्तरच नाकारतात, आणि त्यांच्या ग्राहकांपुरती साइट नाहीशी होते. आधी डीएस काढायची, तिचा टीटीएल संपू द्यायचा, मग पुढचं.

आता 'ए' रेकॉर्ड बदलायचं काम कसं करायचं ते सांगतो.

झोनमध्ये टीटीएल ८६४०० असेल तर बदलाच्या किमान एक दिवस आधी तो ३०० करा. पत्ता तोच ठेवा, फक्त आकडा बदला. एक दिवस आधीच का? कारण ज्यांनी आत्ताच जुनं उत्तर घेतलंय त्यांच्याकडे ते पुढचा दिवसभर राहणार आहे. टीटीएल कमी केल्याची बातमीही त्यांना जुनी मुदत संपल्यावरच कळणार. ऐन बदलाच्या वेळी टीटीएल कमी करून उपयोग शून्य. बरेच जण नेमकं तेच करतात आणि मग 'टीटीएल कमी केला तरी काही होत नाही' म्हणतात.

दरम्यान नव्या सर्व्हरवर साइट पूर्ण उभी करा आणि डीएनएसला हात न लावता तपासा. त्यासाठी आपल्या संगणकावर होस्ट्स नावाची फाइल असते. तिच्यात नवा आयपी आणि पुढे डोमेन अशी एक ओळ लिहिली, समजा '२०३.०.११३.८० एक्झाम्पल.कॉम', की तुमच्यापुरतं ते डोमेन नव्या सर्व्हरवर उघडतं. जगाला अजून जुनीच साइट दिसत असते. फॉर्म भरून बघा, लॉगिन करून बघा, चित्रं येतात का, पैसे भरायचं पान चालतं का, सगळं खऱ्या नावाने तपासता येतं. काम झालं की ती ओळ आठवणीने काढा. नाहीतर पुढच्या वेळी सर्व्हर बदलाल तेव्हा फक्त तुम्हालाच जुनी साइट दिसेल आणि कारण सापडता सापडणार नाही.

एचटीटीपीएसच्या (सुरक्षित जोडणीच्या) सर्टिफिकेटची तयारीही याच टप्प्यात करायची. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवा सर्टिफिकेट देण्यापूर्वी तुमच्या डोमेनवर येऊन एक फाइल तपासतात, आणि डीएनएस अजून जुन्या सर्व्हरकडे असल्याने ती तपासणी तिकडेच जाते. एक तर जुन्या सर्व्हरवरचं सर्टिफिकेट किल्लीसह नव्यावर उचलून आणा, किंवा टीएक्सटी रेकॉर्डने पडताळणी करण्याचा पर्याय निवडा. हे राहिलं तर बदल होताच पाहुण्यांना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा दिसेल.

मग गर्दी कमी असेल अशी वेळ बघून पत्ता बदला. आता काही काळ दोन्ही सर्व्हरवर लोक येत राहतील. साइट नुसती वाचायची असेल तर प्रश्न नाही, दोन्हीकडे तेच दिसतं. पण ऑर्डर, नोंदणी, प्रतिक्रिया असं काही लोक भरत असतील तर काही नोंदी जुन्या डेटाबेसमध्ये पडतील आणि काही नव्या. नंतर त्या जुळवत बसणं हे फार कटकटीचं काम असतं. यावर दोन चांगले उपाय आहेत. पहिला, पत्ता बदलायच्या आधी जुनी साइट देखभालीच्या पानावर टाका, डेटाबेसची शेवटची प्रत नव्या सर्व्हरवर न्या, मग पत्ता बदला. टीटीएल ३०० असल्याने बहुतेकांना काही मिनिटांचाच खोळंबा होतो. दुसरा उपाय तेवढाही खोळंबा टाळतो: शेवटची प्रत नव्यावर गेल्याबरोबर जुन्या सर्व्हरने येणारी प्रत्येक विनंती स्वतः न हाताळता नव्या सर्व्हरकडे पुढे द्यायची. एनजिनएक्स किंवा अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये यासाठी प्रॉक्सीच्या मोजक्या ओळी लागतात. दुकानासारखी साइट असेल तर मी दुसराच मार्ग घेतो.

बदल झाल्यावर तपासायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी थेट स्वतःच्या नेमसर्व्हरला विचारा. डिगच्या आज्ञेत '@' लावून नेमसर्व्हरचं नाव देता येतं, विंडोजवर एनएसलुकअपमध्येही हीच सोय आहे. तिथे नवा पत्ता आला तर तुमचं काम बरोबर झालंय, बाकी फक्त मुदती संपायची वाट. तिथेच जुना आला तर चूक पॅनेलमध्ये आहे, आणि दोन दिवस वाट पाहूनही काही बदलणार नाही. गूगल आणि क्लाउडफ्लेअर या दोघांच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरसाठी एखाद्या नावाची कॅश रिकामी करायची पानं उपलब्ध आहेत, घाई असेल तर ती वापरा. एक बारकावा नवीन सबडोमेन काढताना लक्षात ठेवा: रेकॉर्ड भरण्याआधी ते नाव ब्राउझरमध्ये उघडून पाहू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा कॅश होतं, आणि त्याची मुदत तुमच्या एसओए ओळीतल्या शेवटच्या आकड्यावर ठरते.

आता 'क्वाड-ए' रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता. स्थलांतरात याचा विसर इतक्या वेळा पडतो की मी झोन उघडल्यावर आधी तोच शोधतो. जुन्या होस्टिंगने तो आपोआप भरून ठेवलेला असू शकतो. तुम्ही 'ए' बदलता, क्वाड-ए जुन्या सर्व्हरकडेच राहतो. ज्यांच्याकडे आयपीव्ही६ आहे त्यांचे ब्राउझर आधी तिकडे जातात, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरच्या अनेकांना जुनीच साइट दिसते आणि तुमच्या घरच्या वायफायवर सगळं ठीक असतं. लेट्स एन्क्रिप्टही क्वाड-ए असेल तर पडताळणीला आधी तोच पत्ता धरतं, त्यामुळे सर्टिफिकेटची मुदत वाढवणं अडकतं आणि कारण सहजी कळत नाही. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ असेल तर तो भरा, नसेल तर जुनी ओळ काढून टाका.

आयपी ब्राउझरमध्ये टाकल्यावर भलतं पान का येतं, याचं उत्तर असं. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६. त्यातलेही कितीतरी राखीव. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. म्हणून होस्टिंग कंपन्या एका पत्त्यावर शेकडो साइट ठेवतात. हे शक्य होतं कारण ब्राउझर सर्व्हरशी बोलताना 'मला अमुक डोमेन हवंय' असं दर वेळी सांगतो. १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ ने हे सांगणं सक्तीचं केलं. तुम्ही नुसता आयपी टाकता तेव्हा डोमेनचं नाव सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, मग तो त्याच्याकडे ठरवून ठेवलेलं डिफॉल्ट पान देतो. तुमच्या साइटमध्ये काही बिघाड नाही. म्हणूनच आयपी उघडून साइट चालते की नाही हे तपासू नका, वर सांगितलेली होस्ट्स फाइल वापरा.

एचटीटीपीएसच्या बाबतीत अडचण थोडी वेगळी होती. तिथे सर्टिफिकेट आधी दाखवावं लागतं आणि नाव नंतर कळतं, त्यामुळे पूर्वी प्रत्येक सुरक्षित साइटला स्वतंत्र आयपी लागायचा. २००३ मध्ये ठरलेल्या एसएनआय या सोयीने ब्राउझर सुरुवातीलाच नाव सांगू लागला. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती समजत नव्हती, म्हणून प्रत्यक्षात फायदा मिळायला बरीच वर्षं गेली. 'एसएसएलसाठी (म्हणजे एचटीटीपीएससाठी) डेडिकेटेड आयपी हवाच' हा सल्ला त्या काळातला आहे, आणि अजूनही तो विकला जातो. गूगलमध्ये वर येण्यासाठी डेडिकेटेड आयपी घ्या, असं कोणी सांगत असेल तर त्यावरही पैसे घालवू नका. तो खरंच लागतो तो दोन-तीन ठिकाणी: तुम्ही स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवता आणि शेजारच्या साइटने केलेल्या स्पॅमचा डाग तुमच्या पत्त्यावर नको आहे, किंवा एखादी पेमेंट अथवा एपीआय (प्रोग्रामांनी परस्पर बोलायची) सेवा 'तुमचा आयपी कळवा, फक्त त्यालाच आत घेऊ' असं म्हणते. या दुसऱ्या प्रकारात असाल तर नवा आयपी त्यांना बदलाच्या आधी कळवा. त्यांच्या यादीत नाव चढायला डीएनएसपेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

मेल. तुमची टपाल वेगळ्या मेल सेवेकडे असेल तर एमएक्स ओळींना हात लावू नका, काहीही होणार नाही. ती त्याच सर्व्हरवर असेल तर वरच्या झोनमधली चौथी ओळही बदलावी लागेल, आणि पेट्यांमधले जुने मेल नव्या सर्व्हरवर हलवावे लागतील. दोन्ही प्रकारांत एसपीएफची टीएक्सटी ओळ उघडून बघा. 'या पत्त्यावरून आलेले मेल आमचे' असं तिच्यात लिहिलेलं असतं आणि अनेकदा तिथे जुना आयपी आकड्यांत असतो. साइटवरून जाणारे ऑर्डरचे किंवा पासवर्डचे मेल आता नव्या पत्त्यावरून निघणार, आणि तो पत्ता त्या ओळीत नसेल तर ते थेट स्पॅममध्ये जाऊ शकतील. राहता राहिला पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपीवरून नाव शोधायची उलटी नोंद. ती तुमच्या झोनमध्ये नसते. पत्ता ज्याचा, नोंद त्याची, त्यामुळे ती होस्टिंग कंपनीलाच लावायला सांगावी लागते. जीमेलच्या नियमांत पाठवणाऱ्या आयपीला नीट पीटीआर असणं बंधनकारक आहे.

मधे सीडीएन (साइटसमोर उभं राहून तिची वाहतूक घेणारी सेवा) असेल तर चित्र बदलतं, आणि सोपंही होतं. तेव्हा डीएनएसमध्ये जगाला सीडीएनचे पत्ते दिसतात, तुमच्या सर्व्हरचा खरा पत्ता फक्त सीडीएनच्या पॅनेलमध्ये असतो. सर्व्हर बदलला की तो तिथे बदलायचा, आणि कोणाच्याही कॅशची वाट न पाहता वाहतूक थोड्याच वेळात नव्या जागी वळते. फक्त मेलचं नाव सीडीएनमागे ठेवू नका. ही प्रॉक्सी वेबची वाहतूक पुढे नेते, मेलची नाही.

आयपी चालू आहे, सर्व्हर धडधाकट आहे, तरी साइट दिसत नाही, असंही होऊ शकतं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस कंपनीवर मोठा हल्ला झाला, तेव्हा ट्विटरसह कितीतरी साइट लोकांना उघडत नव्हत्या. त्यांचे सर्व्हर बंद नव्हते, नावाचं उत्तर देणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून नेमसर्व्हर निवडताना होस्टिंगबरोबर फुकट मिळाले म्हणून घेऊ नका, ते चालवणं हाच ज्यांचा मुख्य व्यवसाय आहे त्यांच्याकडे ठेवा.

डोमेनच्या मालकीबद्दल एक गोष्ट याच आठवड्यात तपासा. रजिस्ट्रारच्या खात्यात नाव तुमचं आहे की साइट बनवून देणाऱ्याचं? त्याने स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असेल तर संबंध चांगले असतानाच आपल्या खात्यावर करून घ्या. दुसरं, त्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली की मेलही बंद पडतो, मग रिन्यू करायची आठवण येत नाही आणि पासवर्ड बदलायचा दुवाही पोचत नाही. .कॉमसारख्या डोमेनना मुदत संपल्यावर रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतो, ते रद्द झाल्यावर ३० दिवस जादा दंड भरून परत मिळवता येतं, पुढचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते नाव कोणालाही खुलं होतं. देशांच्या डोमेनचे नियम वेगळे असतात.

शेवटी जुना सर्व्हर. तो लगेच बंद करू नका. त्याचा ॲक्सेस लॉग उघडा आणि अजून कोण येतंय ते बघा. पहिल्या दिवशी माणसं दिसतील, नंतर मुख्यतः बॉट उरतील, कारण काही जण टीटीएल पाळत नाहीत. अधूनमधून एखादं जुनं ॲप किंवा दुसऱ्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट नियमित येताना दिसली तर समजा कोणीतरी आयपी आकड्यांतच लिहून ठेवलाय. तो शोधून तिथे डोमेन घाला. लॉग निवळला की पूर्ण झोनमध्ये जुना आयपी शोधा: 'टेस्ट', 'जुना', 'एफटीपी', 'ब्लॉग' अशी विसरलेली सबडोमेनं हमखास त्याच पत्त्याकडे बोट दाखवत असतात. ही ओळ तशीच ठेवून सर्व्हर सोडला तर तो पत्ता उद्या दुसऱ्या कोणाला मिळतो. मग तुमच्या नावाच्या सबडोमेनवर तो माणूस काहीही दाखवू शकतो, आणि पडताळणी त्याच्याच सर्व्हरवर होत असल्याने त्या नावाचं खरं, चालणारं सर्टिफिकेटही त्याला मिळू शकतं. आधी या ओळी काढा, त्यांचा टीटीएल संपू द्या, मुख्य रेकॉर्डचा टीटीएल पुन्हा तासाभराचा, म्हणजे ३६००, करा, आणि मग होस्टिंग कंपनीला जुना सर्व्हर रद्द करायला सांगा.